उतरत्या क्रमाने

जांबे हे मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाचं गाव. हिंजवडी, मारुंजी, नेरे हे शेजारी. समुद्राचा वाराही इथवर पोचत नाही. तरी मुळशी तालुका दोन समुद्रांना पाणी घालतो. जांब्यात पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांतून पवना-मुळेला, तिथून भीमेला, पुढे कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जातो. तालुक्याच्या पश्चिमेला मुळशी धरणात अडवलेलं पाणी मात्र उलटं फिरतं. घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात पडतं, कुंडलिकेला मिळतं आणि रोह्यावरून रेवदंड्याला अरबी समुद्र गाठतं. 1927 पासून ते तसंच जातं आहे.

दोन्ही समुद्रांत मुशी आहे. रायगड-मुंबईकडे तिला मुशी म्हणतात, मालवणात मोरी. अरबी समुद्र आणि त्याला लागून असलेल्या पाण्यातल्या मुशी, पाकट आणि त्यांच्या भाऊबंदांच्या 153 जातींचा आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या 78 जाती धोक्यात निघाल्या. निम्म्याहून जास्त.

खालची यादी लांबीप्रमाणे लावली आहे, मोठ्यापासून लहानाकडे. जाळ्यांनीही साधारण हाच क्रम पाळला.

12 मीटर: व्हेल शार्क

जगातला सगळ्यात मोठा मासा. 12 मीटर ही पूर्ण वाढलेल्या जनावराची लांबी, याहून मोठ्याच्याही नोंदी आहेत. खाणं मात्र प्लवंगांचं, तोंड उघडून पाणी गाळत.

सौराष्ट्राच्या किनाऱ्याला त्याला यकृताच्या तेलासाठी मारत. ते तेल होड्यांच्या लाकडाला फासायचं. नव्वदच्या दशकात मांस परदेशी जाऊ लागलं आणि शिकार वाढली. 2000 साली माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटाने ही कत्तल लोकांसमोर आणली. मे 2001 मध्ये व्हेल शार्क वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेला. आपल्याकडे कायद्याचं संरक्षण मिळालेला हा पहिला मासा. पुढे रामकथाकार मोरारीबापूंनी त्याला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, म्हटलं, माहेरपणाला आलेल्या लेकीसारखी, आणि गुजरातचे मच्छीमार जाळं कापून त्याला सोडू लागले.

महाराष्ट्रात 2018 च्या अखेरीपासून अशा कापलेल्या जाळ्याची भरपाई मिळते, 25 हजार रुपयांपर्यंत. जाळं कापल्याचे फोटो, अर्ज, पंचनामा, मग पैसे.

धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत तो 2016 पासून संकटग्रस्त. पिल्लांबद्दल शास्त्राला जे कळलं ते बहुतांशी 1995 मध्ये तैवानला मारलेल्या एका गाभण मादीवरून. तिच्या पोटात सुमारे 300 पिल्लं होती. वयात यायला या माशाला दोन-तीन दशकं लागतात.

कायदा, रामकथा आणि भरपाई अशा तिन्ही गोष्टी वाट्याला आलेली या यादीतली ही एकच नोंद.

6 मीटर: करवत मासा

दिसायला मुशी, नात्याने पाकट. नाकापुढे दोन्ही बाजूंना दात असलेली लांब करवत. तिच्यात विजेचे सूक्ष्म संकेत टिपणारी छिद्रं असतात. गढूळ पाण्यात, चिखलात लपलेलं भक्ष्य तिने शोधायचं आणि तिनेच झोडपायचं.

हीच करवत त्याच्या मुळावर आली. ज्या जाळ्याच्या आसातून इतर मासे निसटतात त्यात करवतीचे दात अडकतात. एकदा अडकली की सुटत नाही, आणि एवढं मोठं झटापट करणारं जनावर जिवंत सोडवायला कोण जवळ जाणार? शिवाय राहणी उथळ किनाऱ्याची, खाडीमुखाची, नदीत शिरण्याची. नायलॉनची जाळी आणि ट्रॉलर पहिल्यांदा पोचले तेही तिथेच.

मोठ्या दातांचा करवत मासा आज अतिसंकटग्रस्त आहे. त्याच्या पुढची पायरी नामशेष होण्याची. 2001 च्या संरक्षित यादीत करवत माशाच्या तीन जाती होत्या, 2007 मध्ये जागतिक व्यापारही जवळजवळ बंद झाला. मार्च 2022 मध्ये कर्नाटकात मलपे बंदरावर एक आला तेव्हा त्याची बातमी झाली. पूर्वी मासळीची नोंद व्हायची, आता बातमी होते.

मासा न पाहिलेल्या पिढीला करवत तेवढी ठाऊक आहे, संग्रहालयातल्या काचेमागची.

4 मीटर: मोठी कानमुशी

डोकं आडवं पसरलेलं, दोन्ही टोकांना डोळे. इंग्रजांना त्यात हातोडा दिसला, कोळ्यांना कान.

दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात गेला आणि कॉड माशाच्या तेलाच्या बाटल्या यायच्या बंद झाल्या. ‘अ’ जीवनसत्त्वाची सोय करायला मुंबई आणि मद्रास सरकारांनी मुशीच्या यकृताचं तेल काढायला घेतलं. मोठ्या मुशीचं यकृत मोठं, तेल जास्त. कृत्रिम जीवनसत्त्व स्वस्तात बनू लागल्यावर हा धंदा आटोपला. तेलासाठी शिकलेली मासेमारी मांसासाठी आणि परांसाठी चालू राहिली.

कानमुशीच्या दोन मोठ्या जाती 2019 पासून अतिसंकटग्रस्त आहेत. 2013 मध्ये बँकॉकला झालेल्या साइट्स, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिषदेत त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची अट आली. पण कानमुशीची एक मोठी अडचण परवान्याने सुटत नाही. जाळ्यात किंवा गळाला लागल्यावर ती फार लवकर मरते. व्हेल शार्कला जाळं कापून सोडता येतं. कानमुशी वर येते तीच बहुतेकदा मेलेली. तिला वाचवायचं तर ती जिथे विते तिथे त्या दिवसांत जाळंच टाकायला नको.

पावणेदोन मीटरची आणखी एक कानमुशी आपल्या उथळ किनाऱ्याला आहे. तिच्या डोक्याची रुंदी अंगाच्या लांबीच्या जवळजवळ निम्मी. असलं डोकं कुठल्याही जाळ्यात अडकणारच. ती संकटग्रस्त.

3 मीटर: बुल शार्क

खाऱ्या पाण्यातून गोड्यात सहज जाणारी मुशी. मादी खाडीच्या तोंडाशी विते, पिल्लं काही वर्षं कमी खारट पाण्यात वाढतात, कारण तिथे त्यांना खाणाऱ्या मोठ्या मुशी कमी.

फेब्रुवारी 2024 मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत उतरलेल्या एका तरुणाला तिने पायाला धरलं. पाय गेला. मुशीही मेली. चार दिवस राज्यभर बातमी चालली, आणि खाडीत मुशी असते हे शहरांना पहिल्यांदा कळलं. खाडीकाठच्यांना ते माहीत होतं.

लाल यादीत ही ‘असुरक्षित’ वर्गात. तिचा मुख्य शत्रू जाळं, दुसरा शत्रू खाडीचं पाणी. धरणाच्या दारांवर गोड्या पाण्याची भरती ठरते आणि औद्योगिक वसाहतींवर त्याचा वास. मुळशीचं पाणी ज्या कुंडलिकेतून समुद्राला मिळतं तिच्या काठी रोह्याजवळ धाटावची रासायनिक वसाहत आहे. वीज आपण वापरतो, पाणी खाली पाठवतो.

सुमारे 3 मीटर: गिटार मासा

पुढून पाकट, मागून मुशी. तळाशी वाळूवर पडून राहतो. 2001 पासून संरक्षित यादीत आणि 2019 पासून त्याच्या कुळातल्या जवळजवळ सगळ्या जाती अतिसंकटग्रस्त.

याला मारलं परांनी. परांच्या बाजारात याचा माल सगळ्यात वरच्या भावाचा. चिनी मेजवानीतल्या सूपसाठी पर कापून उरलेलं धड समुद्रात टाकायची पद्धत जगभर बोकाळली तेव्हा ऑगस्ट 2013 मध्ये केंद्राने नियम केला की पर धडाला चिकटलेले असतानाच मासा किनाऱ्यावर यायला हवा. फेब्रुवारी 2015 मध्ये परांची निर्यातच बंद केली.

आपल्याकडे मात्र धड समुद्रात टाकत नसत. ते खाल्लंच जात होतं. दिव्या कर्नाड, दीपानी सुतारिया आणि रीमा जबाडो यांनी मच्छीमारांशी बोलून 2020 मध्ये हेच मांडलं: मुशी इथे बहुतेक वेळा दुसऱ्या मासळीबरोबर जाळ्यात येते आणि ती खपते देशातल्याच मांसाच्या बाजारात. परांवरच्या बंदीने निर्यातदार हलला, मासळीबाजार हलला नाही.

2 मीटर 66 सेंटिमीटर: गंगा मुशी

बाकीच्यांच्या लांब्या सर्वसाधारण आहेत, ही एका मादीची मोजलेली लांबी.

ही जात 1839 मध्ये हुगळीतल्या नमुन्यावरून म्युलर आणि हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञांनी नोंदवली. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत खात्रीचे नमुने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बऱ्याच वेळा बुल शार्कलाच गंगा मुशी म्हटलं गेलं, आणि हुगळीतल्या माणसांवरच्या हल्ल्यांचं खापर हिच्या माथी बसलं.

फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर हीच मुशी आली. ससून डॉक 1875 चा. पहाटे होड्या लागतात, टोपल्या वर फेकल्या जातात, लिलाव होतो, बर्फ फोडतात, आणि उजाडल्यावर निम्मा माल ट्रकमध्ये गेलेला असतो. त्या घाईत मुशी मोजणारं कुणी तिथे होतं आणि त्याला फरक ओळखता आला. डोळे अगदी बारीक, गढूळ पाण्यात राहणाऱ्या माशाचे. पाठीवरचा दुसरा पर पहिल्याच्या जवळपास निम्म्या उंचीचा, बुल शार्कचा तो साधारण एक तृतीयांश. अशा खुणांवरून ओळख पटली. जबाडो, काइन, नाझरेथ आणि सुतारिया यांचा शोधनिबंध 2018 मध्ये छापून आला.

गंगेच्या नावाची अतिसंकटग्रस्त मुशी अरबी समुद्रावरच्या धक्क्यावर मिळाली, ही त्यातली आनंदाची बाब. कायद्याने 2001 पासून संरक्षित असलेला मासा लिलावाच्या जागी मिळाला, ही दुसरी बाजू. कायदा मोडायचा कुणाचा इरादा होता असं मानायचं कारण नाही. तांडेल, लिलाववाला, बर्फवाला, यांच्यापैकी कुणाला डोळ्याचा आकार पाहायला कुणी शिकवलं होतं?

1 मीटर: पाँडिचेरी शार्क

हीसुद्धा म्युलर आणि हेन्लेंनी 1839 मध्येच नोंदवलेली. जगभरच्या संग्रहालयांत मिळून वीसही नमुने नाहीत. खात्रीची शेवटची नोंद म्हणून 1979 हे साल दिलं जातं. लाल यादीत अतिसंकटग्रस्त, आणि त्यापुढे शेरा: कदाचित नामशेष.

या मुशीबरोबर 2001 चा कायदा पूर्ण सांगायला हवा. मे महिन्यात व्हेल शार्क, मग जुलैमध्ये एकदम सगळ्या मुशी आणि सगळी पाकटं संरक्षित झाली. किनाऱ्यावर ओरड झाली, कारण रोजच्या जाळ्यात जे येतं ते सगळंच बेकायदा ठरलं होतं. डिसेंबरमध्ये सरकारने यादी आवळून दहा जातींवर आणली. त्या दहांत पाँडिचेरी शार्क होती, जी कुणाला दिसत नव्हती. ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीच्या नद्यांतली एक जातही होती. रोज टोपलीत येणारी कानमुशी मात्र नव्हती.

दुर्मीळ झालेल्याला संरक्षण द्यायला कुणाची हरकत नसते, कुणाचं त्यावर पोट नसतं. 2022 च्या दुरुस्तीने ही यादी बरीच लांबली आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. मधल्या वीस-बावीस वर्षांत कानमुशी कुठल्या वर्गात गेली ते वर आलंच आहे.

मीटरभर: खडशी

ही मुशी नव्हे. गोड्या पाण्यातला मासा, महाशीर. यादीत घेतला तो तुलनेसाठी, आणि घरचा म्हणून. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांवर लिहिताना पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतल्या नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं. साल तेच, 1839. जांब्याचा ओढा ज्या पाण्याला मिळतो त्याच पाण्यातला हा मासा. आज शहरातल्या मुळा-मुठेच्या पाण्यात खडशी टिकेल असं कुणीही म्हणणार नाही.

लाल यादीत खडशी संकटग्रस्त होती. 2018 च्या फेरतपासणीत ती ‘काळजी कमी’ या वर्गात आली. लोणावळ्याला वळवण धरणाच्या काठी टाटांच्या हॅचरीत सत्तरच्या दशकापासून तिची पैदास होते. मादीच्या पोटावरून हात फिरवून हजारो अंडी काढायची, नराचं वीर्य मिसळायचं, पिलावळ वाढवायची आणि तळ्यांत, नद्यांत सोडायची. इथली पिल्लं कावेरीतही सोडली, आणि तिथे त्यांनी तिथल्याच मूळ महाशीरची जागा बळकावली. तो आता अतिसंकटग्रस्त आहे. म्हणजे वाचवण्याचाही हिशेब चुकू शकतो.

पण मुद्दा हॅचरीचा. मुशीची हॅचरी निघत नाही. बहुतेक मुशी पिल्लांना जन्म देतात, मोजक्या, महिनोन्महिने पोटात वाढवून. हजारांचा आकडा तिथे नाही. समुद्रात जेवढ्या माद्या शिल्लक तेवढंच भांडवल.

ट्रेमध्ये मावेल एवढी: स्कॉलिओडॉन

पुण्या-मुंबईत प्राणिशास्त्र शिकलेल्या माणसाला मुशी या नावाने ठाऊक असते. 1928 मध्ये थिलयाम्पलम बाईंनी हिच्यावर पुस्तक लिहिलं आणि ही देशभरच्या अभ्यासक्रमाची मुशी झाली. फॉर्मॅलिनच्या डब्यातून मुंबईहून यायची. प्रयोगशाळेत झाकण उघडलं की पहिल्या बाकावरचेसुद्धा मागे सरकायचे.

मेणाच्या ट्रेमध्ये ती पोटावर किंवा पाठीवर टाचण्यांनी ठोकायची. कवटीवरचं कूर्चेचं आवरण स्काल्पेलने पापुद्र्यापापुद्र्याने खरवडायचं, कारण एक खोल घाव आणि पाचवा मज्जातंतू तुटला. हाड कुठेच नाही. कातडीचा तुकडा पोटॅशमध्ये उकळला की काचपट्टीवर बारीक काटेरी खवले दिसत, दातांच्याच घडणीचे. मुशी उलट्या बाजूने चोळली की हात खरचटतो तो त्यांच्यामुळे.

कधीमधी गाभण मादी निघायची. दोन्ही गर्भाशयांत बोटाएवढी पिल्लं ओळीने, प्रत्येकाला नाळ, आणि नाळेवर झालरीसारखे बारीक तंतू. अंडं सुरू होतं तेव्हा जेमतेम एक मिलिमीटरचं. मुशीत इतकं लहान अंडं दुर्मीळ. त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतोच, पुढचं सगळं पोषण आईकडून. मुलं गप्प होऊन बघत. मासा म्हणजे अंडी, हे शाळेतलं गणित तिथे मोडायचं.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 मध्ये विच्छेदन कमी करायला सांगितलं, 2014 मध्ये ते बंदच केलं. हे योग्यच झालं. मात्र मुशीच्या पोटात पिल्लं असतात हे डोळ्यांनी पाहणारी, समुद्रापासून दूर राहणारी माणसं आता तयार होत नाहीत. प्रयोगशाळेतली मुशी गेली, स्वयंपाकघरातली आली.

ताटात मावेल एवढी: मोरी

हिंजवडी-वाकडच्या पट्ट्यात कोकणातून आलेली माणसं भरपूर, मालवणी खानावळीही आल्या. जांब्यात आमच्या शेजारच्या काकू मूळच्या मालवणच्या. मोरी मिळाली की आधी उकळतं पाणी ओततात, मग सुरीच्या पाठीने कातडी खरवडतात. वाळूच्या कागदासारखी ती कातडी निघून खालचं गुलाबी मांस दिसतं. मुशीच्या अंगात युरिया असतो, मासा शिळा झाला की त्याचा अमोनिया होतो. म्हणून ताजीच हवी, आणि वाटणात तिरफळ, कोकम सढळ हाताने. काटा नसल्यामुळे लहान मुलांना बिनधास्त देता येते. बाळंतिणीला दूध यावं म्हणूनही मोरी देतात, असा किनाऱ्यावरचा समज आहे.

एकदा काकूंना विचारलं, पूर्वी केवढी मोरी यायची? त्यांनी ओट्याच्या एका टोकाला हात ठेवला आणि दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. “ह्या वट्यार मावत नाय अशी. तुकडे करूनच विकूक आणीत. आता अख्खी येता.”

दहा किनारी राज्यांतल्या 2,649 हॉटेलांची मेनूकार्डं तपासणारा एक अभ्यास 2024 मध्ये आला. त्यातल्या 292 ठिकाणी मुशी मिळत होती. गोवा आणि तमिळनाडू पुढे, महाराष्ट्र बराच मागे. गिऱ्हाइकाला आणि हॉटेलवाल्याला हवी असते ती लहान मुशी, एक मीटरच्या आतली, कारण ती कोवळी. मोठ्या मुशीच्या बाबतीत कोवळी म्हणजे अजून एकदाही न व्यालेली.

15 सेंटिमीटर: पिल्लू

आपल्या किनाऱ्याला सगळ्यात जास्त मिळणारी मुशी म्हणजे तीच स्कॉलिओडॉन. पूर्ण वाढ झाली तरी अर्ध्या-पाऊण मीटरची. जन्मते तेव्हा 12 ते 15 सेंटिमीटरची. सातपाटीपासून रायगडपर्यंत डोल जाळी लावतात, भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडं ठेवून. जवळा आणि बोंबील यांच्यासाठी लावलेल्या त्या बारीक आसाच्या जाळ्यात ही पिल्लंही येतात.

ढिगावर नुसती नजर टाकली तर सगळी मुशी सारखीच दिसते. 45 सेंटिमीटरची एक मुशी म्हणजे वयात आलेली, दोन-तीनदा व्यालेली स्कॉलिओडॉन असू शकते. तिच्या शेजारी तेवढ्याच लांबीची, डोकं आडवं पसरलेली, नुकती जन्मलेली कानमुशी असू शकते, जी चार मीटरची झाली असती. वजनकाट्यावर दोघींचा भाव एकच. सरकारी आकडेवारीतही त्या पुष्कळदा ‘शार्क’ या एकाच रकान्यात जातात. यादीच्या वरच्या टोकाला असलेली जनावरं अशी तळाच्या ढिगात विकली जातात, आणि कायद्याला ती सापडत नाहीत.

2023 मध्ये महाराष्ट्राने 54 जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली, त्याखालची पकडू नये, विकू नये. हे पाऊल या यादीच्या खालच्या टोकाकडून टाकलेलं आहे, म्हणून महत्त्वाचं. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून स्कॉलिओडॉनच्या अख्ख्या कुळाच्या निर्यातीला साइट्सचा परवाना लागतो. देशातल्या बाजाराला तो लागत नाही.

लाल यादीत स्कॉलिओडॉन आज ‘संकटसमीप’ आहे. वरच्या सगळ्यांच्या तुलनेत हिची तब्येत बरी. ती वर्ष-दोन वर्षांत वयात येते, पाच-सहा महिन्यांत विते, एका खेपेला डझनभर पिल्लं देते. म्हणजे करवत माशाला जे शक्य नाही ते हिला शक्य आहे: थोडी सवड मिळाली तर भरून निघणं. त्यासाठी हेलिकॉप्टर, उपग्रह, माहितीपट काही लागत नाही. डोलीचा आस थोडा मोठा, पावसाळ्याची बंदी नीट पाळलेली, धक्क्यावर जातवार नोंद करणारा एक माणूस, आणि हातभर लांबीच्या कानमुशीला हात न लावणारं गिऱ्हाईक, एवढं पुरतं. शेवटचं काम जांब्यातही करता येतं. आडवं डोकं ओळखायला प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही, आणि आपण घेतली नाही की विकणारा पुढच्या वेळी आणत नाही.

वरच्या प्रत्येक नोंदीत माणसांनी हात पुढे केला तो मासा हातचा गेल्यावर, किंवा जाताना. भरपाया, परिषदा, परिशिष्टं हा त्या उशिराचा खर्च. स्कॉलिओडॉन अजून ढिगाने मिळते, म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. या यादीत स्वस्तात वाचेल अशी हीच एक आहे.